छोटी आधीच आली आहे

सोमवार, ता. ७

छोटी,

देव तुला सुखात ठेवो. हे एकदा लिहिलं की पुढचं मोकळेपणाने लिहिता येतं.

तुझं पत्र मिळालं. सण तोंडावर आलाय आणि घरात राबणारे हात दोन, तेही माझेच, म्हणून उत्तराला उशीर झाला. हा कागद एका बाजूने वापरलेला आहे. मागचं वाचत बसू नकोस, वाण्याचा हिशोब आहे. तू मात्र अजून दोन्हीकडे चार चार बोटं जागा सोडून लिहितेस. कागद तुला फुकट मिळतो का?

यंदा सणाला घरी येते म्हणतेस. आईची ओळख आता फार दिवस टिकायची नाही असं डॉक्टर म्हणाले, हे दादाने तुला कळवलं. म्हणून तिने तुला विसरायच्या आत एकदा तिच्यासमोर बसायचं आहे, तिचा हात हातात घ्यायचा आहे, असं तू लिहितेस. वाचायला बरं वाटतं. दादाला कळवायला काय जातं? त्याच्या घराला जिने फार, म्हणून आई माझ्याकडे. सख्ख्या मुलाला आईपेक्षा जिने जड झाले, पण पत्रं लिहायला त्याला वेळ आहे.

बाबा अंथरुणाला खिळले त्या वर्षी तू नोकरीचा कागद घेऊन गेलीस. मी अडवलं नाही. जाताना एवढंच म्हटलं होतं की आता पाय ठेवू नकोस. ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं. पण घेतलंस ते एका परीने बरंच झालं, घराला सवय झाली.

यंदा येऊ नकोस. दादा, वहिनी आणि समोरचे मास्तर जेवायला आहेत, आतल्या खोलीत आईची खाट, खाली मी. तुला कुठे झोपवू? आणि खरं सांगायचं तर आई तुझं नावही काढत नाही. उगाच आशेने येशील आणि हिरमुसून जाशील. सण होऊन जाऊ दे, मग बघू.

ताई

शनिवार, ता. १२

छोटी,

काल एक गंमत झाली ती कळवते. तू लांब राहतेस, तुला घरची काही गंमत कळत नाही.

बैठकीच्या खोलीचे पडदे मी उलटे करून आणखी दोन वर्षं काढली असती. पण वहिनी येणार. ती पडद्याकडे बघत नाही, पडद्याच्या भोकातून बघते. म्हणून शिवणवालीला बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसते ती. तुझ्याच वयाची, तुझ्याहून सावळी, नवरा नाही, पदरात दोन मुली. आतल्या खिडकीचं माप घ्यायला ती आईच्या खाटेजवळून वाकली. गळ्यातली मापाची पट्टी खाली लोंबत होती. आईने ती घट्ट धरली.

"छोटी, आलीस?"

बिचारी दचकलीच. "मी पडद्यांची बाई हो, आजी."

"आजी काय म्हणतेस गं? इतकी वर्षं आली नाहीस, आणि आता आलीस ती नातंच बदलून?"

"नाही हो आजी, मी..."

"परत आजी! आणि केस कुणी भादरले तुझे? मी घरात नव्हते का?"

मला हसू आलं, पण मी आईला खरं तेच सांगितलं. देवाला सगळं दिसतं. म्हटलं, "आई, ती शिवणवाली आहे. सोड तिची पट्टी." त्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही मधे बोलू नका. तुम्ही तुमची कामं आटपा."

मला ती वर्षभर बाईच म्हणते. तुला हे दादाने कळवलं नसेल. मी तिला भरवते, धुते, पुसते, कूस बदलते. एवढं सगळं करणारी पगारीच असणार, असा तिचा समज झालाय. देवाची मर्जी. सकाळपासून रात्रीपर्यंत "बाई, छोटीला बोलवा, बाई, छोटी आली का" असं ती मलाच विचारत असते. (मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं नाव काढत नाही. कामाच्या गडबडीत लिहिलं गेलं असेल.)

तर पुढे ऐक. पट्टी सुटेना म्हणून शिवणवाली खाटेच्या कडेला टेकली. मी पेजेची वाटी तिच्या हातात दिली, म्हटलं बसलीच आहेस तर दोन चमचे भरव. आईने सगळी वाटी संपवली. माझ्या हातून खाताना अर्धी उशीवर जाते. वर म्हणाली, "छोटी, तुझ्या हाताला चव आहे, त्या बाई मिठाचा हात आखडता घेतात." पेज मीच केली होती.

माप घ्यायचं राहूनच गेलं. पडदे अंदाजाने बेतले आणि एक चांगला वीतभर आखूड झाला. तो मी कपाटाच्या बाजूला लावणार आहे.

तेव्हा तुझ्या येण्याची आता घाई नाही. ज्याची आई वाट बघत होती ते होऊन गेलं. रात्री तिने एकदाही विचारलं नाही. मी पहाटेपर्यंत सलग झोपले.

ताई

बुधवार, ता. १६

छोटी,

"ताई, तू माझी जागा दुसरीला दिलीस" असं लिहितेस. जागा मी कुणाला दिली नाही. ती रिकामी पडली होती, रोज झाडावी मात्र मलाच लागत होती.

आणि हे काय लिहिणं झालं, की मी आईला फसवते? शिवणवाली आता रोज संध्याकाळी घटकाभर येऊन बसते. आई जेवते, हसते, तिच्या डोक्यावरून हात फिरवते. मी मधे येऊन "ही तुझी मुलगी नव्हे" असं ओरडू? कुठल्या देवाला ते आवडेल?

सणाला तिला मी आईशेजारी जेवायला बसवणार आहे. मागच्या वर्षी पहिल्या घासालाच आईने छोटी छोटी करून रडं काढलं होतं आणि मास्तर हात धुऊन उठून गेले होते. केलेलं सगळं दुसऱ्या दिवशी मी एकटीने संपवलं. यंदा तसं होणार नाही. शिवणवाली कुरकुरत होती, मुलींना सणाला एकटं कसं ठेवू म्हणून. म्हटलं, डबा भरून देते, त्याही जेवतील.

तू तिकीट काढलं आहेस म्हणे. परत कर. थोडे कापून घेतील, पण सगळे तर बुडणार नाहीत.

ताई

रविवार, ता. २०

छोटी,

काल सण झाला. घर आवरून बसले आहे. तू दारातून गेलीस तेव्हा तोंडातून शब्द काढला नाहीस, म्हणून मलाच लिहावं लागतंय. तुला जे दिसलं ते दोन-चार मिनिटांचं. त्याआधी मी दिवसभर काय काय सोसलं ते कळलं, तर तू मला दोष देणार नाहीस.

पहाटे देवापुढे दिवा लावून कामाला लागले. यांनी गच्चीच्या कठड्याला दिव्यांची माळ बांधायला घेतली. माळ गेल्या वर्षीची, तिच्यातले अर्धे दिवे मेलेले. मी म्हटलं होतं, मेलेले भिंतीकडे वळवून बांधा. यांनी तारा सोलून काहीतरी जोडलं आणि खट्‌ आवाज होऊन सगळ्या घराची वीज गेली. "दिवे लागले का गं?" वरून विचारतात. म्हटलं, "लागले, सगळ्या गल्लीचे लागलेत, आपले सोडून." वायरमन सणाच्या दिवशी यायला तयार नव्हता. शेवटी मास्तरांनी येऊन तार बसवली.

त्या गोंधळात आटवायला ठेवलेलं दूध खाली लागलं. हलवलं नाही, खरवडलं नाही, वरचं वर अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं आणि वेलची जरा जास्त घातली. कुणाला कळलं नाही. वहिनीने दोनदा वास घेतला, पण दोनदा वाढूनही घेतलं.

दादा आणि वहिनी सांगितल्या वेळेच्या आधीच आले. म्हणजे मदतीला नव्हे, बघायला. मी भेटवस्तू बांधून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षीचे रंगीत कागद मी जपून ठेवते, पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की नव्यासारखे होतात. वहिनीने पुडकं हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणते, "वन्सं, हा कागद मी ओळखते! मीच आणला होता गेल्या सणाला. आत वस्तू तरी वेगळी आहे ना?" सगळे हसले. मी म्हटलं, "कागद काय नि माणूस काय वहिनी, जपून वापरलं तर टिकतं." मग दादा एकटाच हसला, तोही जरा उशिराने.

आखूड पडदाही तिने शोधून काढलाच. ते असो.

संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थनेला बसलो. मास्तरांनी सुरेल म्हटली. आई खुर्चीत, नवी साडी, केस मी विंचरलेले, शेजारी शिवणवाली. तिला मी माझी जुनी निळी साडी नेसवली होती, कारण आई तुला निळ्या रंगातच ओळखते. तिला बजावून ठेवलं होतं की "हो आई" आणि "बरं आई" एवढंच बोलायचं. दादा माझ्या कानाशी लागला, "हे बरं नाही ताई." म्हटलं, "मग तू बस तिच्याजवळ. ओळखते का बघ." आई त्याला वीजबिलवाला समजते.

पानं वाढली. आईने पहिला घास उचलला आणि शिवणवालीच्या तोंडात घातला. म्हणाली, "छोटी, मी तुझ्यावर रागावले नव्हते. तू गेलीस त्या दिवशी मी खिडकीतच उभी होते. तू वर बघितलं असतंस तर मी हाक मारली असती." शिवणवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीसुद्धा पदर डोळ्यांना लावत होती, ती तर कांद्यालाही रडत नाही. मीच कोरडी बसले होते, कारण पापड करपत होते.

आणि तेवढ्यात तू दारात.

मी येऊ नकोस म्हणून तीनदा लिहिलं, तरी आलीस. हातात ती मिठाईची पेटी. दादा उठून "अरे, छोटी!" म्हणाला, तीच चूक झाली. आईने तुझ्याकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं, आणि शिवणवालीचं मनगट घट्ट धरून म्हणाली, "छोटी तर ही इथे आहे. ती कोण?"

तू धावत येऊन तिच्या पायाशी बसलीस. "आई, मी गं. मी छोटी."

आई घाबरली, छोटी. तुला वाटतं तिने तुला झिडकारलं. तसं नाही. तिला वाटलं तू तिच्या मुलीला उठवायला आलीस. "बाई," ती मला म्हणाली, "हिला बाहेर न्या हो, ही माझ्या छोटीचं नाव लावून आलीय."

तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिवणवाली उठायला बघत होती, हात सुटत नव्हता. ती कळवळून म्हणाली, "ताई, सांगा ना त्यांना! तुम्ही सांगा!" दादा मान खाली घालून उभा. यांनी नुसता घसा खाकरला. आणि तू वर माझ्याकडे बघितलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्याकडे काही मागत होतीस.

मी म्हणाले, "आई, पाहुणी आहे. घर चुकली."

त्या घटकेला दुसरं काय बोलायचं होतं ते तूच सांग. खरं सांगितलं असतं तर आईच्या दोन्ही मुली एकदम गेल्या असत्या, ही खोटी म्हणून आणि तू परकी म्हणून. तिच्याजवळ उरलं कोण असतं? बाई.

मी तुला पायरीपर्यंत आणलं, पाणी दिलं, ते तू घेतलं नाहीस. दार लावून घ्यावं लागलं, गार वारा येत होता. मिठाई मी वाटली नाही. तुला परत पाठवायची तर टपालाला मिठाईपेक्षा जास्त पडतील, म्हणून मास्तरांच्या घरी दिली.

आत आले तर आई म्हणाली, "गेली का ती? बिचारी. कुणाची तरी असेल. जेवून जा म्हणायचं होतं."

ताई

मंगळवार, ता. २९

छोटी,

तुझं दोन ओळींचं पत्र पोहोचलं. तुझं अक्षर इतकं बारीक मी कधी पाहिलं नव्हतं. समासही सोडला नाहीस. "काही मागत नाही. नाव लावणार नाही. फक्त खोलीत येऊ दे," असं लिहिलंस.

इथली हकिकत अशी. सणाच्या दुसऱ्या दिवसापासून शिवणवाली आली नाही. बोलवायला मी स्वतः गेले. मशीन थांबवलं नाही तिने, पाय चालूच. म्हणाली, "ताई, माझी आई गेली तेव्हा मला पोहोचता आलं नव्हतं. त्या दिवशी त्या ताई पायाशी बसल्या होत्या आणि त्यांच्या वाटणीचा घास माझ्या तोंडात होता. तो मला अजून गिळता आलेला नाही." मी म्हटलं, बोलायला ठीक आहे, पण डबा नेलास ना? तिने डबा घासून पुसून फळीवर ठेवला होता. तो माझ्या हातात दिला.

आईने अन्न सोडलं. पहिल्या दिवशी रुसली असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी निळी साडी नेसून वाटी घेऊन बसले. तिने तोंड उघडलं. मला वाटलं, जमलं. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ निरखून बघितलं आणि म्हणाली, "बाई, छोटीची साडी तुम्ही का घातलीत? तिला राग येईल." मी साडी बदलून आले. देवापुढे बसले, पण त्या दिवशी काही म्हणावंसं वाटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, असं राहिलं तर फार दिवस काढणार नाहीत. दादा दारातून बघून गेला. मग मी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी गेले, आणि या खेपेस उभ्याने बोलले नाही, तिच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून बोलले. बराच वेळ ती सुईत दोरा ओवत राहिली. शेवटी म्हणाली, "येईन. पण त्या ताईंना खोलीत घेणार असाल तरच. त्या येईपर्यंत बसते. पण दार त्यांना उघडं नाही असं कळलं, तर मी त्याच पावली परत."

तिचं ऐकावं लागलं. काल संध्याकाळी ती आली आणि आईने अर्धी वाटी खाल्ली.

म्हणून तू ये. गुरुवारी दुपारी ये, आई तेव्हा जागी असते. कसं यायचं ते नीट समजून घे.

मिठाई आणू नकोस. निळं काही घालू नकोस. मागच्या दाराने ये. आईला मी सांगून ठेवलंय की नखं कापणारी एक बाई येणार आहे. तिची नखं फार वाढली आहेत, मला ती हात लावू देत नाही, तेव्हा ते काम खरंच आहे, खोटं काही नाही. नेलकटर मी देईन. शिवणवाली खाटेवर उशाशी बसेल, तू खाली पाट घेऊन बस. शिवणवाली रडवेली आहे, ती उठून तुला जागा द्यायला बघेल. घेऊ नकोस. आईचं लक्ष जाईल आणि पुन्हा सगळं मुसळ केरात.

तिला आई म्हणायचं नाही. "आजी" म्हण. तुझ्या तोंडून आई निघालं तर मी तुला त्याच क्षणी बाहेर काढीन, आणि या खेपेस पाणीही विचारणार नाही. हे रागाने लिहीत नाही. ती पुन्हा घाबरली तर जेवायची नाही.

ती तुझ्याशी बोलेल. नव्या माणसांशी ती बोलते. छोटीबद्दल सांगेल, ती किती हुशार, ती घर सोडून का गेली, ती परत कशी आली. उशाशी बसलेलीकडे बोट दाखवून सांगेल. ऐकून घे. "हो का आजी" म्हण. सगळं सांगून झालं की ती तुला विचारेल, तुझी आई कुठे असते. सगळ्यांना विचारते. काय सांगायचं ते वाटेत ठरवून ये.

दोन हातांना अर्धा तास धर, पायांना वेगळा. नखं कापताना ती हात ओढते. तिचं बोट आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवावं लागतं, नाहीतर कातडी कापली जाते.

ते धरायला माझी हरकत नाही.

ताई